वऱ्हाड कुठे हरवले?

आमच्या तालुक्यातील एका जुन्या वाचनालयाची ग्रंथसूची संगणकावर उतरवण्याचे काम आम्ही चौघांनी अंगावर घेतले, तेव्हा ते दोन-तीन महिन्यांत हातावेगळे होईल असा आमचा समज होता. चौघांत एक निवृत्त गुरुजी, एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, छापखान्यात हयात घालवलेले एक अक्षरजुळारी आणि प्रस्तुत लेखक. नोंदवह्या जाड पुठ्ठ्याच्या, पाने पिवळी पडलेली, कुठे कसरीने दाखल-क्रमांकच खाल्लेला. गाठीशी पैसा नव्हता. म्हणून लिब्रेऑफिस हा मुक्तस्रोत कार्यालयीन संच घ्यावयाचे ठरले. लेखनासाठी त्यातील रायटर, तक्त्यांसाठी कॅल्क. मुक्तस्रोत म्हणजे नुसता फुकट नव्हे, तर ज्याची घडण कोणालाही उघडून पाहता येते, बदलता येते आणि बदललेली पुन्हा वाटता येते असा. हा भेद तेव्हा आम्हांला ऐकून ठाऊक होता; कळला तो पुढे.

सूची पुरी झाली. एका वाचकाने वऱ्हाडाविषयीची पुस्तके मागितली. कॅल्कमध्ये शोध घेतला, तर नोंदवहीत आम्ही स्वतः पाहिलेल्या पुस्तकांपैकी निम्मी यादीत सापडेनात. पडद्यावर हळूहळू खाली सरकत गेलो तेव्हा ती जागच्या जागी होती. ‘वऱ्हाड’ हा शब्दही तसाच्या तसा, डोळ्यांना काडीचा फरक न दिसणारा. वऱ्हाड समोर होते आणि यंत्राला ते दिसत नव्हते.

आम्ही सीमाभागातील माणसे. निवेदन लिहिणे हा आमचा पिढीजात हातखंडा. त्याच रात्री लिब्रेऑफिसच्या दोषनोंदणीत आम्ही एक पल्लेदार निवेदन धाडले. मराठी ही आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा, तिची परंपरा अशी, तिचे ग्रंथभांडार असे, आणि तरीही तिच्या एका अक्षराची ही उपेक्षा! उत्तर आले, आणि त्यात आमच्या भावनांविषयी चकार शब्द नव्हता. आवृत्ती कोणती? यंत्रप्रणाली कोणती? नेमके काय केले असता काय घडले आणि काय घडावयास हवे होते? दोष दाखवणारी लहानात लहान धारिका जोडावी. एवढेच. गुरुजींना ते उत्तर उद्धट वाटले. खरे सांगायचे तर आम्हांलाही वाटले. विद्यार्थिनीने मात्र मुकाट्याने ती लहानात लहान धारिका करावयास घेतली. दोन ओळी, दोन शब्द, बाकी काही नाही. ती करता करताच दोष कुठे आहे हे तिला दिसले. तो लिब्रेऑफिसचा नव्हता. तो आमच्या बोटांचा होता.

मराठीत अर्ध्या र ची दोन रूपे आहेत. एक अक्षराच्या डोक्यावर बसणारा रफार, दुसरी अक्षराच्या आधी येणारी, पापणीसारखी दिसणारी आडवी खूण. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यास’ दिलेली दक्षिणा आणि ‘आचाऱ्यास’ दिलेली मजुरी या एकच गोष्ट नव्हेत. हा भेद हिंदीला लागत नाही, संस्कृतला लागत नाही. तो आपला आहे. युनिकोडने तो मान्य केला, पण लिहिण्याच्या दोन वाटा ठेवल्या. पहिली वाट खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त जोडण्याची. ही भारतीय इस्की मानकाशी जुळणारी. दुसरी साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देण्याची. ही युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली. गुरुजी इन्स्क्रिप्ट कळफलकावर लिहीत, जिथे शिफ्ट दाबून जे ची कळ दाबली की ऱ उमटतो. विद्यार्थिनी उच्चारानुसारी कळफलक वापरी, आणि तो दुसऱ्या वाटेने जात होता. पडद्यावर दोघांचे वऱ्हाड एक, संगणकाच्या पोटात दोन. या दोन रूपांना युनिकोडही परस्परांशी समान मानत नाही, तेव्हा अक्षरास अक्षर लावून शोधणाऱ्या कॅल्कला दोष कसा द्यावा? सगळीकडे पहिली वाट धरावयाची असे ठरवून आम्ही शोधा-आणि-बदला या आज्ञेने अर्ध्या तासात काम उरकले. नोंद मागे घेताना विद्यार्थिनीने खाली कारणही लिहिले. तिच्या आग्रहावरून निवेदनातील ‘उपेक्षा’ हा शब्द आम्ही जाहीरपणे परत घेतला.

यानंतरची गोष्ट क्रमाची. सूची अकारविल्हे लावली तर ‘ज्ञानेश्वरी’ ज च्या पोटात आणि ‘क्षितिज’ने सुरू होणारी नावे क च्या पोटात. आपल्या वर्णमालेत स, ह, ळ, क्ष, ज्ञ असा शेवट. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ हे ल आणि व यांच्यामध्ये बसलेले, आणि क्ष व ज्ञ ही जोडाक्षरे म्हणून स्वतंत्र जागेवाचून. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. निवेदन न लिहिता आधी वाचले. कॅल्कमध्ये क्रम लावताना भाषा निवडण्याची सोय आहे, आणि आमच्याकडे तिथे इंग्रजी निवडलेली होती. मराठी निवडताच सूची ताळ्यावर आली. पण वाचता वाचता आणखी एक कळले, ते अधिक मोलाचे. हे क्रमाचे नियम लिब्रेऑफिसचे स्वतःचे नाहीतच. ते आयसीयू नावाच्या एका वेगळ्या मुक्त संग्रहातून येतात, आणि त्या संग्रहात युनिकोड संघाने जमवलेल्या भाषावार माहितीतून. उद्या मराठीचा क्रम चुकीचा आढळला, तर लिब्रेऑफिसचे दार ठोठावून उपयोग नाही. ते नम्रपणे त्या दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतील. अक्षराचे वळण चुकले तर टंक घडवणाऱ्याचे दार. मात्रा भलत्या ठिकाणी बसली तर अक्षरमांडणीच्या संग्रहाचे. शब्द नसताना चूक दाखवली तर शब्दसूचीचे. महिन्याचे नाव किंवा दिनांकाची मांडणी बिघडली तर मात्र लिब्रेऑफिसमधीलच एक लहानशी धारिका, जिच्या नावात ‘एमआर’ म्हणजे मराठी आणि ‘आयएन’ म्हणजे भारत एवढी दोनच पदे आहेत.

एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवले जाण्याचा सराव आम्हांला कमी नाही. त्या टोलवाटोलवीत आणि या पाठवणीत फरक इतकाच, की इथे का पाठवले ते लिहून मिळते, आणि तिथे आधी कोण येऊन गेले, काय म्हणाले, कोणी काय उत्तर दिले, हे सगळे कोणालाही वाचता येते. वर्षांपूर्वीचा वादही तसाच पडलेला असतो. गुरुजींना याचे फार अप्रूप वाटले. फायलीवरचा शेरा त्यांनी आयुष्यात प्रथमच वाचला होता.

या संचाची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिच्यात आमच्या विषयाचा एक काटा आहे. जर्मनीतील ल्यूनेबुर्ग येथे १९८५ मध्ये मार्को बोरिस या तरुणाने स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचा स्टारऑफिस हा संच १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतला आणि १३ ऑक्टोबर २००० रोजी त्याचा स्रोत ओपनऑफिस या नावाने खुला केला. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला घडवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी वेगळी चूल मांडली, द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापले आणि नाव वापरता येईना म्हणून लिब्रेऑफिस हे नवे नाव घेतले.

काटा असा. संच जर्मन माणसांनी घडवला, त्यामुळे स्रोतातील टिपणे जर्मन भाषेत होती. प्रत्येक आज्ञेशेजारी ती का लिहिली हे सांगणारी टिपणे, हजारोंच्या संख्येने. पुढे काम करणारे ब्राझीलमधून, हंगेरीतून, जपानमधून येऊ लागले आणि त्यांना ती कळेनात. मग जर्मन टिपणे हुडकून काढणारी एक छोटी आज्ञावली लिहिली गेली, आणि ती टिपणे इंग्रजीत आणण्याचे काम नवशिक्यांना पहिला धडा म्हणून दिले जाऊ लागले. ते कित्येक वर्षे चालले. स्वतःची भाषा स्वतःच्या हाताने पुसणारे जर्मनही त्यात होते.

ज्ञान मातृभाषेत असावे असे आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो. हे वाचून आम्ही काय म्हणावे? अक्षरजुळारी गृहस्थ चिडून म्हणाले, आज टिपणे गेली, उद्या पाट्या जातील; आपण हे पाहिलेले आहे. आम्ही पुष्कळ विचार करून असे म्हणतो, की टीप ज्याच्यासाठी लिहिली जाते तो वापरणारा नव्हे, पुढचा दुरुस्त करणारा. तो कुठलाही असू शकतो, आणि त्याला ती वाचता आली नाही तर संच मोडून पडतो. जर्मन वापरणाऱ्याच्या पडद्यावर मात्र प्रत्येक शब्द जर्मनच राहिला. कारखान्याच्या आतली भाषा आणि दुकानाच्या फळ्यावरची भाषा यांत हा भेद करता येतो असे आम्हांला वाटते. गृहस्थांना तो अजून मान्य नाही. आमच्या वहीतली टिपणे आम्ही मराठीत ठेवतो, बाहेर पाठवावयाची इंग्रजीत लिहितो, आणि दर वेळी ते आमच्याकडे चष्म्यावरून पाहतात.

दुसऱ्या एका शब्दावर मात्र आमचे चौघांचे एकमत आहे. लिब्रेऑफिस लिप्यांची तीन गटांत वाटणी करते: पाश्चात्त्य, चिनी-जपानी-कोरियन मिळून आशियाई, आणि उरलेल्या ‘जटिल’. देवनागरी, कन्नड, अरबी, हिब्रू, थाई सगळ्या या जटिलांच्या ओळीत. जटिल कोणासाठी? सहा वर्षांचे मूल बाराखडी घोकून पुढच्या वर्षी पाटी वाचू लागते. जटिल ती यंत्रासाठी, आणि तीही लॅटिन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या यंत्रासाठी. या वाटणीचा परिणाम रोजच्या कामात जाचतो. प्रत्येक मजकुराला तीन टंक, तीन आकार, तीन भाषा चिकटलेल्या असतात. वरची टंकाची चौकट बदलली, नवशिक्याने इंग्रजी शब्द निवडलेला असला तर मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. इंग्रजी अंक, स्वल्पविराम, मोकळी जागा यांना स्वतःची लिपी नाही, म्हणून ती बहुधा आधीच्या अक्षराच्या मागे जातात; एकाच ओळीत कंस लहान-मोठे दिसू लागतात. ‘जटिल’ गटाची भाषा मराठी करून ठेवली नाही तर शुद्धलेखन-तपासणी मराठीकडे बघतही नाही. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांनी हा संच एका दिवसात सोडून दिलेला आम्ही पाहिला आहे. ज्यांना शिकवायचे त्यांना आम्ही पहिल्या दहा मिनिटांत हेच दाखवतो.

अक्षरमांडणीचे काम जो संग्रह करतो त्याचे नाव हार्फबझ. बेहदाद एस्फहबोद या इराणी वंशाच्या तंत्रज्ञाने ते नाव फारसीतून घेतले: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुले. हर्फ म्हणजे आपला हरफ! भाषाशुद्धीच्या उत्साहात आम्ही जो शब्द कधीच टाकून दिला होता, तोच आज आमचे प्रत्येक जोडाक्षर जुळवतो. ‘कि’ लिहिताना साठवणीत आधी क आणि मग वेलांटी असते. दाखवताना वेलांटी आधी आणावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यावा लागतो, हे सगळे तिथे होते. पूर्वी लिब्रेऑफिस विंडोजवर एक, मॅकवर दुसरी आणि लिनक्सवर तिसरी मांडणी वापरी, त्यामुळे तीच धारिका एका यंत्रावर एका पानात मावे आणि दुसऱ्यावर दोन ओळी बाहेर सांडे. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या ५.३ या आवृत्तीपासून सर्वत्र हार्फबझ आले. आमच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. कन्नड अक्षरांचे ओत्तू आणि आपली जोडाक्षरे एकाच संग्रहातून जुळतात. आमच्या गावात ज्या दोन लिप्यांच्या पाट्यांवरून माणसे भांडतात, त्या दोन्ही तिथे शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत, आणि बेंगळुरूच्या एखाद्या तरुणाने केलेली दुरुस्ती मराठीच्याही उपयोगी पडू शकते. आम्ही हे सांगितले तेव्हा आमच्या बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

आता शब्दसूची. रायटरमध्ये वाचनालयाचा अहवाल लिहिताना येळ्ळूर, बेकिनकेरे, कणकुंबी, अनगोळ या सगळ्यांखाली तांबड्या नागमोडी रेघा उमटल्या. आपल्या गावाच्या नावाखाली तांबडी रेघ पाहणे ही क्षुल्लक गोष्ट आहे हे आम्ही जाणतो. तरी ती पाहवत नाही. सूची करणारे स्वयंसेवक आमचे देणे लागत नाहीत. त्यांनी आमच्या गावांची नावे ऐकलेली असण्याचे कारण नाही. नावे द्यावयाची तर ती आम्हीच दिली पाहिजेत.

तपासणी करणारे यंत्र हन्स्पेल. नावातला ‘हन्’ हंगेरियनचा. लास्लो नेमेथ यांनी ते आपल्या प्रत्ययबहुल भाषेसाठी घडवले, कारण इंग्रजीसाठी केलेली तपासणी तिथे पुरी पडत नव्हती. मराठीचे दुखणेही तेच. घर, घरा, घरात, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनाही: शब्द एक, रूपे असंख्य. हन्स्पेलमध्ये एका धारिकेत शब्द आणि दुसरीत प्रत्ययांचे नियम असतात. प्रत्ययावर प्रत्यय असे दोन थर ते सोलून पाहते. मराठीला दोन थर अपुरे पडतात, म्हणून काही थर आधीच एकत्र सांधून नियम लिहावे लागतात. गुरुजींनी जन्मभर शिकवलेले सामान्यरूप इथे कामी आले. ‘खानापूरला’ म्हणताना पू दीर्घ, पण ‘खानापुरात’ म्हणताना ऱ्हस्व. म्हणजे नियम असा लिहावयाचा: शब्दाच्या शेवटी दीर्घ ऊकार आणि र असेल, तर तो काढून ऱ्हस्व उकार, रा आणि त जोडा, ‘ला’ मात्र मूळ रूपालाच लावा. एका ओळीत हे मावते. ती ओळ लिहून गुरुजींनी हातातील पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, मुलांना हे असे शिकवायला हवे होते.

या दोन धारिका आणि ओळख सांगणाऱ्या आणखी एक-दोन एकत्र बांधल्या की विस्तारक तयार होतो. तो म्हणजे एक दाबलेली पुडीच असते. नावाचे शेपूट बदलून ती उघडून आत पाहता येते. आमचा विस्तारक आम्ही दुसऱ्याचा उघडून पाहूनच केला. लिब्रेऑफिसच्या मुख्य स्रोतात बदल घालावयाचा तर तो ज्येष्ठांच्या परीक्षेस बसतो, तीन यंत्रप्रणालींवर आपोआप बांधून पाहिला जातो, कोणीतरी ‘इथे मोकळी जागा चुकली’ असेही सांगते. विस्तारकाला ही दीक्षा लागत नाही. तो आपल्या घरचा.

आणि इथेच आमचे भांडण झाले. विस्तारक स्वतंत्र ठेवावा, त्याला ‘सीमाभाग मराठी’ असे नाव द्यावे, असे अक्षरजुळारी गृहस्थांचे मत. आपली ओळख कोठेतरी लिहिलेली राहील. भाषेच्या खुणेपुढे प्रदेशाची खूण जोडण्याची तांत्रिक सोयही आहे. आमचे मत उलट. त्या मराठी-भारत या दोन पदांत महाराष्ट्र नाही आणि कर्नाटकही नाही; पुणे, इंदूर, बडोदे, बेळगाव एकाच सूचीवर तपासले जातात. एवढ्या वर्षांत आम्हांला जे कागदावर मिळाले नाही, ते एका धारिकेच्या नावात कोणी न मागता देऊन ठेवले आहे. ते सोडून आपणच आपल्याभोवती कुंपण का घालावे? विद्यार्थिनीने तिसरेच विचारले: गावांची नावे सर्वांच्या सूचीत जावीत हे ठीक, पण आपल्या घरात आजी बोलते ती क्रियापदे कुठे जाणार? ती सर्वांच्या सूचीत घातली तर पुण्याच्या मुलाची खरी चूक बरोबर ठरेल. न घातली तर आजीखालची तांबडी रेघ तशीच राहील. याचे उत्तर आमच्याकडे नाही. तूर्त गावांची नावे सामायिक सूचीसाठी पाठवावयाची आणि क्रियापदे घरच्या विस्तारकात ठेवावयाची असे ठरले आहे. ठरले म्हणजे तीन विरुद्ध एक.

नावांची यादी गुरुजी करीत आहेत, खानापूर तालुक्यापासून. गेल्या रविवारी ते अनगोळपाशी अडले होते. ‘अनगोळात’ की ‘अनगोळमध्ये’, हे पुस्तकात पाहून सांगता येईना, म्हणून सायकल काढून विचारायला गेले. तिथल्या तीन माणसांनी तीन उत्तरे दिली. गुरुजींनी तिन्ही लिहून आणली आहेत.